३५ टक्के लोक तणावात, म्हणजे नेमके किती?

कोरोनाच्या साथीमुळे चीनमधलं वुहान शहर २३ जानेवारी २०२० रोजी बंद झालं. ३१ जानेवारीला शांघायच्या मानसिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी एक ऑनलाइन प्रश्नावली लोकांसमोर ठेवली आणि १० फेब्रुवारीपर्यंत ५२,७३० जणांची उत्तरं जमा झाली. त्यातून निघालं, की जवळपास ३५ टक्के लोक मानसिक तणावात आहेत. साथीचा मनावर काय परिणाम झाला, हे एका अख्ख्या देशात मोजायचा हा पहिला मोठा प्रयत्न. पुढे तसल्या सर्वेक्षणांचं पीकच आलं. नागपुरातही टाळेबंदीच्या दिवसांत कॉलेजच्या, सोसायटीच्या, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फक्त पाच मिनिटं लागतील, प्लीज भरा’ म्हणत गुगल फॉर्म यायचे. तुम्हीही एखादा भरला असेल. त्या उत्तरांचा आकडा कसा होतो आणि त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, ते बघू.

सुरुवात त्या ३५ पासूनच करू. शांघायच्या प्रश्नावलीत २४ प्रश्न होते: भीती, उदासी, चिडचिड, शरीराच्या तक्रारी, टाळाटाळ, लोकांशी वागण्याबोलण्यात पडलेला फरक. उत्तरांची बेरीज करून ० ते १०० मधला एक गुण मिळायचा. २८ ते ५१ गुण म्हणजे सौम्य ते मध्यम तणाव, ५२ किंवा जास्त म्हणजे तीव्र. पहिल्या गटात २९.२९ टक्के लोक निघाले, दुसऱ्यात ५.१४ टक्के. बेरीज ३४.४३. म्हणजे त्याच माहितीवर ‘दर तीन माणसांत एक तणावात’ अशी बातमी करता येते आणि ‘तीव्र तणाव वीसात एकाला’ अशीही करता येते. दोन्ही खऱ्या. पण पेपरात कोणती छापून येईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग ही २८ ची रेघ कोण मारतं?

साथीच्या काळात सगळ्यांच्या घरी ऑक्सिमीटर आला होता. तो बोटातून प्रकाश पाठवतो आणि रक्त तो प्रकाश किती शोषतं त्यावरून ऑक्सिजनचा आकडा देतो. तुम्हाला कसं वाटतंय, हे तो विचारत नाही. प्रश्नावलीचं याच्या अगदी उलट आहे. तिच्यात यंत्र असं नसतंच, स्वतःला चाचपून सांगणारा माणूस हेच यंत्र. म्हणून प्रश्नावली वापरण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे तिचं उत्तर स्थिर आहे का. एकाच त्रासाबद्दलचे सात प्रश्न असतील, तर त्यांची उत्तरं एकमेकांना धरून येतात का? आठवड्याने पुन्हा विचारलं आणि मधे काही घडलं नसेल, तर गुण साधारण तेवढाच येतो का? ही तपासणी सोपी असते, म्हणून बहुतेक शोधनिबंधांत ती दिमाखात दिलेली असते. दुसरी तपासणी अवघड: जे मोजायचं म्हणतोय, तेच मोजलं जातंय का? त्यासाठी प्रश्नावली भरलेल्या माणसांना मानसोपचारतज्ज्ञाने स्वतंत्रपणे, गुण न बघता, सविस्तर भेटावं लागतं. मग दोन्ही निकाल शेजारी ठेवून रेघ कुठे मारली तर कमीत कमी चुका होतील, ते ठरवतात. २०२० मध्ये घाईघाईने तयार झालेल्या कितीतरी प्रश्नावल्या पहिल्या तपासणीपाशीच थांबल्या. घाईचं कारण समजण्यासारखं होतं, पण म्हणून रेघ पक्की ठरत नाही.

रेघ पक्की असली तरी पुढे एक गणित आडवं येतं, आणि ते बातम्यांत जवळजवळ कधीच येत नाही. शर्मन ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २०२० मध्ये कोरोनाच्या चिंतेसाठी पाचच प्रश्नांची एक मापनपट्टी काढली. कोरोनाची बातमी वाचली की गरगरतं का, झोप लागायला त्रास होतो का, अंग थिजल्यासारखं होतं का, जेवणावरची वासना उडाली का, पोटात मळमळतं का. प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरीज ९ किंवा जास्त आली तर चिंता गंभीर. त्यांच्या पहिल्या अभ्यासात ही पट्टी खरोखर त्रासात असलेल्या १०० पैकी ९० जणांना पकडायची, आणि त्रास नसलेल्या १०० पैकी ८५ जणांना बरोबर सोडून द्यायची. ऐकायला उत्तम वाटतं.

आता समजा, नागपुरातल्या एका वस्तीत १,००० प्रौढ आहेत आणि त्यातल्या १०० जणांना खरोखर गंभीर त्रास आहे. पट्टी त्यातल्या ९० जणांना पकडेल. उरलेल्या ९०० धडधाकट माणसांपैकी १५ टक्के, म्हणजे १३५ जणही रेघेच्या वर जातील. एकूण २२५. बातमी होईल: ‘वस्तीतले २२.५ टक्के लोक गंभीर चिंतेत’. खरा आकडा १० टक्के. आणि त्या २२५ मधल्या कुणाचंही दार वाजवलं, तर त्याला खरोखर त्रास असण्याची शक्यता ४० टक्के. त्रास असलेले १०० नसून २० च असते, तर पकडलेल्या १६५ जणांत खरे १८. म्हणजे त्रास जितका विरळ, तितकी प्रश्नावली जास्त फुगवून सांगते.

यात प्रश्नावलीचा दोष नाही. ती चाळणी आहे. तिच्यात अडकलेल्या माणसांना पुढे कुणीतरी नीट भेटायचं, या हिशेबाने ती बनवलेली असते. आपण चाळणीलाच निदान समजतो, तिथे घोळ होतो. पट्टी किती चुकते हे माहीत असेल, तर उलटा हिशेबही करता येतो: २२.५ मधून खोटे १५ वजा केले की राहिले ७.५, त्याला ७५ टक्क्यांनी, म्हणजे ९० आणि ८५ च्या बेरजेतून १०० वजा करून जे उरतं त्याने, भागलं की १०. दोन ओळींचं काम आहे. तरी फार थोडे लोक ते करतात.

आता प्रश्नांकडे वळू. इराणमध्ये २०२० साली तयार झालेली सात प्रश्नांची एक पट्टी जगभर वापरली गेली. ती कोरोनाची भीती मोजते, गुण ७ ते ३५. त्यात एक विधान आहे: कोरोनाने माझा जीव जाईल अशी मला भीती वाटते. एप्रिल २०२१ चं नागपूर आठवा. मेयो आणि मेडिकल ही दोन्ही मोठी सरकारी रुग्णालयं भरलेली, खाट मिळवायला लोक रुग्णवाहिकेतून दवाखान्यामागे दवाखाने फिरतायत, रेमडेसिविरसाठी फोनामागे फोन, घाटांवर रांगा. त्या आठवड्यात या विधानाला ‘पूर्ण सहमत’ म्हणणारा माणूस आजारी होता का? मला तर तो शुद्धीवर होता असंच वाटतं. मास्क लावून घरात बसायला लावणारी हीच भीती होती. जास्त गुण म्हणजे जास्त भीती, इथपर्यंत ठीक. पण ती भीती बाहेरच्या परिस्थितीच्या मानाने जास्त आहे का, हे त्या सात प्रश्नांना कळायची सोय नाही. म्हणून चांगली प्रश्नावली भीतीपेक्षा त्या भीतीने काय थांबलं, यावर जोर देते. दुकानात जाणं सुटलं का, पोरांवर हात उगारला जातो का, जेवण सुटलं का, औषधं घेणं सुटलं का.

आघाताच्या परिणामांसाठी वापरली जाणारी २२ प्रश्नांची जुनी प्रश्नावली आणखी गंमतशीर अडचणीत सापडली. ती गेल्या सात दिवसांबद्दल विचारते: घडलेल्या प्रसंगाची आठवण नको असताना येते का, आठवण करून देणाऱ्या गोष्टी तुम्ही टाळता का. भूकंप, अपघात, दंगल अशा होऊन गेलेल्या गोष्टींसाठी ती ठीक. पण प्रसंग अजून चालूच असेल तर? खिडकीखालून सायरन वाजत रुग्णवाहिका चाललीय आणि विचारायचं की ‘आठवण येते का’. म्हणून आघात चालू असतानाचा ताण आणि नंतर मागे राहिलेला विकार, या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. आघातोत्तर तणाव विकाराचं निदान लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तरच करतात. शांघायवाल्यांनी आपल्या पट्टीच्या नावातच ‘आघाताच्या काळातला’ असं म्हटलं होतं. ते शब्द बातम्यांत गळून पडले.

आणि झोप. नैराश्य मोजायच्या सगळ्यात प्रचलित नऊ प्रश्नांत झोप आहे, थकवा आहे, भूक आहे, लक्ष न लागणं आहे. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं, त्यावरून प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज २७ पर्यंत, १० किंवा जास्त आली तर तपासणी करा. आता कोरोनातून उठलेला माणूस घ्या. महिना झाला तरी जिना चढताना धापा टाकतो, तोंडाला चव नाही, डोकं चालत नाही. नैराश्य नसतानाही सहा-सात गुण त्याच्या खात्यात आपोआप जमा. शिवाय हे सर्वेक्षण नागपुरात नवतप्यात केलं, पारा ४५ च्या पुढे, रात्री दोनला लाइट गेलेली आणि कूलर बंद, तर ‘झोप लागत नाही’ असं म्हणणाऱ्यांची संख्या किती वाढेल आणि त्यातला साथीचा वाटा किती, हे कुणी सांगावं. पहिल्या लाटेतली पुष्कळशी ऑनलाइन सर्वेक्षणं एप्रिल-मे मधलीच आहेत.

हे सगळं झालं मोजण्याच्या साधनाबद्दल. पण माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे: विचारलं कुणाला?

नागपुरात पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी सापडला. योगायोगाने त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ असल्याचं जाहीर केलं. नंतरच्या दोन महिन्यांत शहरात सगळ्यात जास्त भोगलं ते सतरंजीपुरा आणि मोमिनपुऱ्याने. दाट वस्ती, गल्ल्या पत्रे ठोकून बंद, आणि घरंच्या घरं उचलून विलगीकरणात. आता गुगल फॉर्म कुठे भरला गेला असेल? धरमपेठेत, रामदासपेठेत, बजाजनगरात, जिथे इंटरनेट होतं, ऑफिसचं काम घरून चालू होतं आणि इंग्रजी फॉर्म वाचायची सवय होती. ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरणारा फॉर्म आपल्यासारख्यांकडेच पोचतो. त्यातही ज्याला आतून काही खुपतंय तो असा फॉर्म उत्साहाने भरतो, आणि जो पार खचलाय त्याला बोट हलवायचीही इच्छा नसते. म्हणजे आकडा दोन्ही दिशांनी वाकतो, आणि किती वाकला ते मोजायला काही साधन नाही.

त्याच मे महिन्यात हैदराबादकडून येणारे मजूर राष्ट्रीय महामार्ग ४४ ने नागपूर ओलांडून मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशाकडे पायी चालले होते. त्यांच्या तणावाचा गुण कुठल्या फॉर्ममध्ये आला? चीनच्या सर्वेक्षणात तरी स्थलांतरित कामगारांचे गुण सगळ्या व्यवसायांत जास्त निघाले होते, आणि ते मोबाइल हातात असलेल्या, उत्तर द्यायला सवड असलेल्या कामगारांचे.

उत्तरांची संख्या मोठी असली की आपण दबतो. ५२ हजार म्हणजे केवढे! पण खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडलेले साधारण ४०० लोक संपूर्ण शहराचा आकडा पाच टक्के इकडे-तिकडे इतक्या अचूकपणे सांगू शकतात. आपणहून आलेले ५० हजार सांगतीलच असं नाही.

तर मग दारोदार जाऊन विचारावं? तेही इतकं सरळ नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली, घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन बघितला गेला. त्या काळात आशाताई दारात दिसली की पुष्कळ घरांत पहिला विचार हा असायचा, की खरं सांगितलं तर उचलून नेतील. समजा, गोळीबार चौकातल्या एका काकूंना ताईने ओसरीवरच विचारलं, “काकू, दोन आठवड्यांत मन उदास राहिलं का?” आत सासू ऐकतेय, शेजारचं पोरगं गेटला लोंबकळतंय. काकू म्हणणार, “मले काय होते बाई, बरी आहो मी.” गुण शून्य. शिवाय ज्या शहरात छिंदवाडा रोडवरच्या चौकाला लोक अजून सर्रास पागलखाना चौक म्हणतात, तिथे मनाबद्दल विचारायला कोण आलंय आणि कागद पुढे कुठे जाणार, ही शंका येणारच. त्या चौकाजवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं आहे. दीडशे वर्षांची धास्ती चार ओळींच्या संमतिपत्राने जात नाही. एकांत, शक्यतो बाईला बाईनेच विचारणं आणि आधी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं, यावर उत्तर कितीतरी बदलतं. फॉर्ममध्ये मात्र ही दहा मिनिटं दिसत नाहीत.

‘साथीमुळे’ हा शब्दही सांभाळून वापरावा लागतो. साथीमुळे ताण वाढला म्हणायचं, तर साथीआधी किती होता हे माहीत हवं. ब्रिटनमध्ये हे जमलं, कारण तिथे हजारो घरांना दरवर्षी तेच प्रश्न विचारणारं एक सर्वेक्षण आधीपासून चालू होतं. त्याच माणसांना एप्रिल २०२० मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा लक्षणीय मानसिक त्रास असलेल्यांचं प्रमाण २०१८-१९ मधल्या १८.९ टक्क्यांवरून २७.३ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. इथे नुसत्या २७ ला अर्थ नाही, अर्थ आहे तो मधल्या फरकाला. आधी जवळपास एकोणीस टक्के होतेच, हे माहीत नसतं तर अख्खा २७ साथीच्या माथी मारला गेला असता.

आपल्याकडे २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. चांगलं, घरोघरी जाऊन केलेलं काम, प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक विकार असल्याचं त्यात दिसलं. ते १२ राज्यांत झालं. आपल्या एका बाजूचा मध्य प्रदेश त्यात आहे, दुसऱ्या बाजूचा छत्तीसगड आहे. महाराष्ट्र नाही. म्हणजे नागपूरचा ‘आधीचा’ आकडा काढायला तिथेही जागा नाही.

साथीच्या पहिल्या वर्षात जगात नैराश्य आणि चिंता विकार २५ टक्क्यांनी वाढले, हे जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२ मधलं विधान तुम्ही वाचलं असेल. ते मुख्यतः ज्या अभ्यासावर उभं आहे, त्यात आधीची आणि नंतरची तुलना करता येईल अशीच सर्वेक्षणं घेतली होती. ती बहुतेक पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेतली निघाली. बाकीच्या देशांचे आकडे संसर्ग किती वाढला आणि लोकांची ये-जा किती घटली, यावरून गणिती मॉडेलने काढले. पद्धत वाईट नाही, दुसरा मार्गही नव्हता. पण भारताबद्दलचा आकडा हा भारतीय माणसाला विचारून आलेला नाही, एवढं लक्षात ठेवून तो वाचायचा.

प्रश्नावली सोडून दुसऱ्या वाटेने जावं तर तिथेही खड्डे आहेत. टाळेबंदीत मनोरुग्णालयाच्या ओपीडीत गर्दी कमी झाली, तर त्रास कमी झाला असं म्हणायचं की एसटी बंद होती म्हणायचं? आत्महत्यांची सरकारी नोंद देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ होती, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. वाढ उघड आहे. पण त्यात आजाराची भीती किती, गेलेली रोजी किती, कर्ज किती? २०२० मध्ये यातला जवळपास चौथा हिस्सा रोजंदारीवरच्या लोकांचा होता. विदर्भात तर साथीच्या कितीतरी आधीपासून शेतकरी हा हिशेब जीव देऊन मांडत आलेत. विषाणू, टाळेबंदी आणि बुडालेला धंदा यांचा वाटा वेगळा काढायचा असेल, तर प्रश्नावलीत मनाच्या प्रश्नांसोबत घरात कुणी गेलं का, किती दिवस काम नव्हतं, उधारी किती झाली, हेही विचारावं लागतं. इतवारीतल्या हमालाच्या बाबतीत कदाचित हेच प्रश्न झोपेच्या प्रश्नापेक्षा जास्त सांगून जातील.

एका गोष्टीबद्दल मात्र मला राग आहे, तो लपवत नाही. नैराश्याच्या त्या नऊ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या, मरून जावं असं वाटण्याच्या विचारांबद्दल असतो. नाव-गाव नसलेल्या गुगल फॉर्ममध्ये हा प्रश्न टाकायचा, कुणीतरी ‘जवळजवळ रोज’ वर खूण करायची, आणि पुढच्या पानावर ‘सहभागाबद्दल धन्यवाद’! असे फॉर्म फिरले. हा प्रश्न विचारायचा असेल तर उत्तर आल्यावर त्याच दिवशी त्या माणसाशी कोण बोलणार, हे आधी ठरलेलं हवं. ते जमणार नसेल तर प्रश्न काढून टाकावा, आठ प्रश्नांची प्रमाणित आवृत्तीही मिळते. आता निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. तो फॉर्मच्या पहिल्याच पानावर ठळक छापायला काहीही खर्च येत नाही.

नागपूरसाठी हे काम नीट करायचं, तर ते आत्ता, साथ नसताना करण्यासारखं आहे. महापालिकेचे दहा झोन आहेत. प्रत्येक झोनमधून चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची, सतरंजीपुरा आणि आशीनगरातून जरा जास्तच. मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषांतल्या प्रश्नावल्या आधी पन्नासेक लोकांना वाचून दाखवायच्या आणि प्रत्येक प्रश्नावर ‘तुम्हाला यातून काय समजलं?’ असं विचारायचं. गुण रेघेच्या वर गेलेल्या सगळ्यांना आणि खाली राहिलेल्यांपैकी काहींना मानसोपचारतज्ज्ञाने भेटायचं, म्हणजे आपली रेघ आपल्या शहरात किती चुकते ते कळेल. आणि तीच घरं दोनदा गाठायची, एकदा मे महिन्यात, एकदा डिसेंबरात.